कणसावर चाक

"उतर! खाली उतर म्हंतो न्हवं! दाण्यावर चाक घालतोस व्हय रं, चांडाळा? उतर!"

किसनआप्पा माझ्या ट्रॅक्टरच्या नाकासमोर उभे होते. अगदी नाकासमोर, बॉनेटची जाळी आणि त्यांची छाती यांच्यामध्ये भाकरी सरकवली असती तर चेपली असती. आणि आम्ही दोघंही जमिनीवर नव्हतो. कुट्टी केलेल्या मक्याच्या ढिगावर होतो, दीड पुरुष उंच. आप्पांच्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात स्वतःच्याच चपला. धान्याच्या राशीवर चपला घालून चढत नाहीत, म्हणून त्यांनी त्या खालीच काढून हातात घेतल्या होत्या. चालत्या ट्रॅक्टरसमोर मरायला निघालेला माणूस, पण शिस्तीत निघालेला.

मी करकचून ब्रेक दाबला. चाकं थांबली. ट्रॅक्टर थांबला नाही.

आता इथं तुम्हाला जरा वेळ लटकत ठेवतो. मीही त्या दिवशी लटकलो होतो, तुम्हीही लटका.

मी वरवंडचा. नाव भानुदास, पण दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत नुसतं 'मुरघासवाला' म्हणालात तरी लोक माझ्या घरापर्यंत आणून सोडतील आणि वाटेत चहा पाजतील. माझ्या हातचं न खाल्लेली गाय या दोन तालुक्यांत दाखवा, मी मिशा काढीन. माझं कुट्टी मशीन पहिल्यांदा दौंडच्या शिवारात सुरू केलं तेव्हा स्टेशनात उभी असलेली मालगाडी शिट्टी झाली समजून निघून गेली. खोटं वाटत असेल तर मालगाडीला विचारा.

मुरघास म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला मी एका वाक्यात सांगतो: गायीचं लोणचं. मका उभा असतानाच, कणसातला दाणा चिकात आला की, ताटासकट आणि कणसासकट कापायचा. मशीनमध्ये घालून बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, तीच कुट्टी. ते खड्ड्यात किंवा भिंती घातलेल्या बंकरमध्ये थरावर थर रचायचे, वर गुळाचं पाणी आणि थोडं मीठ शिंपडायचं आणि असं दाबायचं, असं दाबायचं की आत हवा राहता कामा नये. मग वर प्लॅस्टिक, त्यावर जुने टायर आणि माती. दीड महिन्यानं उघडलं की आंबटगोड वास सुटतो आणि गोठ्यातल्या गाया दावं तोडायला बघतात. हवा राहिली तर बुरशी. बुरशी आली तर सगळं उकिरड्यावर. म्हणून दाबणं महत्त्वाचं, आणि दाबायला ट्रॅक्टर लागतो. ढिगावर चढायचं, मागं यायचं, पुन्हा चढायचं. ढीग वाढत जातो आणि त्याच्याबरोबर तुम्हीही वर वर जात राहता.

आमच्या भागात पिकांनी कामं वाटून घेतली आहेत. ज्वारी पोटाला, ऊस मिशीला, कांदा जुगाराला आणि मका दुधाला. ऊस वर्षभर रानात उभा राहतो आणि मालकाला गावात छाती काढून चालायला लावतो. पैसे मात्र तोड मिळाली, कारखान्यावर काटा झाला, की मग. कांद्याचं काही सांगू नये. एका वर्षी त्यात बंगला बांधणारा माणूस पुढच्या वर्षी तोच कांदा बांधावर ओततो. मका तीन महिन्यांत रान मोकळं करतो, गायीच्या पोटात जातो आणि दुधाच्या किटलीतून बाहेर पडतो. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी. शेतकऱ्याला 'पगार' हा शब्द मक्यानं शिकवला, असं माझं मत आहे. राहिली ज्वारी. तिला हल्ली कुणी विचारत नाही. भाकरी मात्र तिचीच लागते.

लोक मला विचारतात, "रानात हिंडता, बिबट्याची भीती न्हाई वाटत?" अहो, बिबट्या माझ्या मशीनला भितो. एकदा आमच्या मक्यातून एक बिबट्या जो पळाला तो थेट कोरेगाव भीमाला कंपनीच्या गेटवर जाऊन थांबला आणि वॉचमननं त्याला पास विचारला म्हणतात.

पण थट्टा पुरे. या धंद्यात भीती आहे, आणि ती मला आहे. एक भीती मशीनच्या तोंडाची. त्या तोंडाला दात आहेत, कान नाहीत. तुम्ही कितीही ओरडा. म्हणून मी मशीनजवळ येणाऱ्याचं उपरणं, पदर, ओढणी सगळं आधी खोचून घ्यायला लावतो. एका गावात मनगटातल्या गंड्यानं माणसाला आत ओढताना मी पाहिलंय. गंडा ऐनवेळी तुटला, म्हणून हात राहिला. त्या गड्यानं दुसऱ्या दिवशी तसाच गंडा पुन्हा बांधला. त्याच्या मते हात गंड्यानंच वाचवला होता.

दुसरी भीती ढिगाची. ती मोठी. ओली कुट्टी शेवाळासारखी असते. वर बसलं की खालचा ढीग श्वास घेतोय असं वाटतं. सीट एका अंगाला इतकी इतकीशी झुकते, मग सरळ होते. माझ्या ओळखीतले दोघं ढिगावरून ट्रॅक्टरसकट गेलेत. त्यांचं मी इथं काही लिहीत नाही. ट्रॅक्टर उलटताना माणूस उडी मारू शकत नाही, एवढंच सांगतो. स्टिअरिंग त्याला धरून ठेवतं.

तर किसनआप्पा.

घोडनदीच्या काठाला, इनामगावच्या पलीकडं त्यांची वस्ती. मुलगा रांजणगावला कंपनीत शिफ्टवर. शेती आणि सहा गाया बघते ती सून, सुनंदा. बाई अशी की डेअरीवाला फॅट मोजायच्या आधी तिचा चेहरा बघून आकडा लिहितो. तिनंच ठरवलं आणि नदीकडच्या ज्वारीच्या तुकड्यात मका केला. तो तुकडा आप्पांच्या बापापासून ज्वारीचा. आप्पांनी भांडण केलं नाही. ते नुसते सुनेशी बोलायचे बंद झाले. बोलायचं झालं तर गायीशी बोलायचे.

"तांबडे, तुझ्या मालकिणीला इचार, च्या झाला का."

मग सुनंदा चुलीपासून, "तांबडे, सांग, उकळतोय."

मी हे माझ्या कानांनी ऐकलंय. तांबडी बिचारी एकदा यांच्याकडं बघायची, एकदा तिच्याकडं. दोन-चार वर्षं अशीच गेली असती तर ती बोलायला लागली असती.

त्या वर्षी गौरी उठल्या आणि मका कापणीला आला. मी मशीन घेऊन गेलो. बंकर नवा होता: एका अंगाला मातीचा उंच बांध, दुसऱ्या अंगाला आणि पाठीमागं विटांची भिंत. आणि ती एका अंगाची भिंत म्हणजेच गोठ्याची भिंत. गोठ्याचे पत्रे तिलाच टेकवलेले. मला ते बघताच आवडलं नव्हतं. पण सुनंदा म्हणाली, "दादा, जागा एवढीच हाय. तुम्ही ढिगावर असाल तवा मी गाया भाईर बांधीन." सकाळी तिनं बांधल्या होत्या खऱ्या. दुपारी धारेची वेळ झाली म्हणून पुन्हा आत घेतल्या. मी वर होतो. मला दिसलं नाही.

खाली माझा माणूस रामसुरत, दुसऱ्या ट्रॅक्टरवर चालणाऱ्या मशीनमध्ये मका लोटत होता. अंगानं बैल, मनानं कोकरू; उत्तरेकडचा गडी, आमच्याकडं राहून राहून मराठीत शिव्या आणि हिंदीत देव आठवणारा. आप्पा सकाळपासून बांधावर बसून कुट्टी बघत होते. चिकातले पांढरे दाणे ताटाबरोबर चिरडून पडत होते. मधे एकदा त्यांनी मला विचारलं, "भानुदास, दाणा माणसाचा, ताट जनावराचं. तू दोनी एकात कुटतोस. असं कवा झालंय का?"

मी म्हटलं, "आप्पा, तुमच्या शेजारच्या इनामगावला टेकाडात हजारो वर्षांमागची धान्याची बळदं सापडली. जमिनीत पुरायचा धंदा तवापासनं चालत आलाय."

"त्यांनी माणसासाठी पुरलं."

मी पुन्हा ट्रॅक्टरवर जाऊन बसलो. वादातनं असा पळ काढण्याची ही आयुष्यातली तिसरी वेळ. पहिल्या दोन्ही वेळा समोर बायको होती.

तोवर आप्पा बांधावरच बसून होते. पण ढीग भिंतीच्या वर गेला, मी शेवटच्या दाबाला चढलो आणि चाकाखाली दाणे चिरडताना त्यांना समोर दिसले, तेव्हा त्यांच्यानं राहवलं नाही. बांधावरून थेट ढिगावर आले. चपला काढून.

आणि मी ब्रेक दाबला.

ट्रॅक्टर आडवा सरकला. सावकाश, एखाद्या म्हशीनं डबक्यात बसावं तसा. मी स्टिअरिंग डावीकडं पिळलं, तो उजवीकडंच गेला. मागचं उजवं चाक भिंतीच्या कडेवरून पलीकडं गेलं, खालून 'कट्' असा आवाज आला आणि सीटची उजवी बाजू खाली गेली. पुढचं डावं चाक हवेत. मी आभाळाकडं बघतोय. ट्रॅक्टरचं पोट भिंतीच्या डोक्यावर टेकलं होतं आणि त्या एका आधारावर आम्ही डुलत होतो.

आप्पांचं तोंड अजून "उतर"च म्हणत होतं. मीही आज्ञाधारक. एक पाय उचलला. लोखंड कण्हलं आणि सगळं यंत्र आणखी बोटभर खाली गेलं.

"हलू नगंस!" आप्पा ओरडले. "बस तितंच! हललास तर बघ!"

इंजिनाच्या थरथरीनं भिंत हलत होती. मी हात लांब करून इंजिन बंद केलं. रामसुरतनंही खाली मशीन बंद केलं. इतक्या आवाजानंतर जी शांतता पडली, ती मी कधी विसरणार नाही. मला माझ्या खिशातल्या तंबाखूच्या पुडीचा आवाज येत होता. आणि मग दुसरा आवाज आला.

टण्.

भिंतीतली एक वीट निसटून गोठ्याच्या पत्र्यावर पडली होती. आणि पत्र्याखालून गाय हंबरली.

रामसुरत गोठ्याच्या दाराकडं धावला. "भाभी! बाहर आओ! ऊपर ट्रॅक्टर है!"

आतून सुनंदाचा आवाज आला, धाप लागलेला. "गाया सोडल्याबिगर न्हाई! ओढून ओढून दाव्याच्या गाठी आवळल्यात!"

त्या क्षणी मला माझ्या जागेचा खरा अर्थ कळला. मी पडलो तर एकटा पडणार नव्हतो. चाळीस मण लोखंड घेऊन पडणार होतो, आणि कुणाच्या डोक्यावर, तेही आता ठाऊक झालं होतं. घाम पाठीवरून उतरत होता आणि मला वाटत होतं, हा घामसुद्धा उजवीकडं ओघळला तर वजन वाढेल. मी श्वास घेताना छाती डावीकडं फुगवायला बघत होतो. हसू नका, बसून बघा.

आप्पांनी काठी टाकली. चपला मात्र टाकल्या नाहीत, काखेत धरल्या. अनवाणी पायांनी ढीग चाचपत ते पुढं आले आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरवर, डाव्या टोकाला, हवेत उचललेल्या चाकाच्या वर चढून बसले. म्हातारा ओल्या उपरण्यासकट तोलला तरी एका पोत्याइतका भरला नसता. पण ट्रॅक्टर हलका करकरला आणि डुलायचा थांबला. ट्रॅक्टर गेला असता तर त्यांना घेऊन गेला असता. ते तोंड फिरवून बसले होते, माझ्याकडं पाठ, नजर खाली पत्र्यावर. मला वाटलं, मरण बघवत नाही म्हाताऱ्याला.

"रामसुरत!" ते ओरडले. "घरात जा. मधल्या खोलीत ज्वारीची पोती हायेत. आण. इथं फुडं रच."

ती ज्वारी मला ठाऊक होती. दुसऱ्या रानातली, वर्षाच्या खाण्याची, लिंबाचा पाला घालून ठेवलेली. पाहुण्याला दाखवताना आप्पा पोत्यावर असा हात ठेवायचे जसा लोक नातवाच्या डोक्यावर ठेवतात. रामसुरत गेला आणि पहिलं पोतं पाठीवर टाकून ढिगावर चढला. त्याचा प्रत्येक पाय कुट्टीत रुतला की माझा जीव हले. त्यानं पोतं बॉनेटच्या पुढं आडवं टाकलं.

टण्. टण्.

"किती सुटल्या?" आप्पांनी विचारलं.

"तीन, आप्पा," रामसुरत म्हणाला आणि पुन्हा धावला.

मी वरून म्हटलं, "आप्पा, मी ठीक हाय." कुणी विचारलं नव्हतं, पण सांगावंसं वाटलं.

दुसरं पोतं आलं. तिसरं आलं. पुढचं डावं चाक बारीक बारीक खाली येत होतं.

"किती ऱ्हायल्या?"

"एक. तांबडी. बैठी है, उठती नहीं. गाभण है न."

भिंतीतून आता विटा नव्हे, माती गळत होती. पत्र्यावर ती पडायचा आवाज अगदी बारीक, कुणी ज्वारी पाखडावी तसा. त्या आवाजाची भीती विटेपेक्षा जास्त होती. वीट पडली की कळतं पडली. माती थांबत नव्हती. आतून सुनंदा तांबडीला हाका मारत होती, मग चुचकारत होती, मग रडत शिव्या देत होती. आप्पांची मान तसूभर हलत नव्हती. बंपर धरलेली त्यांची बोटं मला मागून दिसत होती. पांढरी पडली होती.

"तांबडे," आप्पा एकदम मोठ्यानं म्हणाले. आवाज फाटला होता. "तांबडे, ऊठ गं! तुझ्या मालकिणीला सांग, दावं काप! इळा वर आड्याला खोचलाय!"

 आतून खसाखसा विळा चालल्याचं ऐकू आलं. खुरं फरशीवर घसरली आणि दारातून आधी तांबडी निघाली, तिच्या मागं तिची शेपटी धरून सुनंदा, केस विटकरीनं लाल झालेले.

आणि आप्पा बंपरवरून उठले.

सरळ उठले आणि ढिगावर उतरले. मी वर तसाच! "आप्पा!" मी ओरडलो. "आप्पा, मी आजून वर हाय!"

"पोती हायेत की," ते म्हणाले, आणि बांधाकडं चालू लागले.

पोती होती, हे खरं. ट्रॅक्टर धरून राहिला. रामसुरतनं दुसरा ट्रॅक्टर मशीनपासून सोडवून बांधावर आणला, साखळी लावली आणि मला डावीकडं ओढून घेतलं. मागचं चाक भिंतीवरून सुटलं आणि ढिगावर आलं. मी उतरलो. एवढ्यात मागं भिंतीनं एक लांब सुस्कारा टाकला आणि गोठ्यावर झोपली. पत्रे कागदासारखे दुमडले. धूळ बसल्यावर बघितलं तर तांबडीची गव्हाण दिसतच नव्हती.

सुनंदा ते बघत उभी राहिली. तिनं पदरानं तोंड पुसलं, चुलीकडं गेली आणि चहा टाकला. 

आता ही गोष्ट मी दोन तालुक्यांत हजार वेळा सांगितली असेल. सांगता सांगता ढीग दोन पुरुष झाला, मग तीन झाला. कांद्याच्या बाजारात एकदा सांगितली तेव्हा मी एका हातानं ट्रॅक्टर धरला होता. पण रात्री घरी पत्र्यावर चिंच पडली तरी मी आजही खाटेची उजवी बाजू घट्ट धरतो. बायको म्हणते, "पडताय का?" मी म्हणतो, "न्हाई, बघतोय."

त्या दिवसापासून मी ढिगावर चढताना चपला खाली काढतो. लोकांना वाटतं श्रद्धा आहे. त्यांना वाटू द्यावं. अनवाणी पाय ब्रेकवरून घसरत नाही. आणि भिंतीला गोठा लागून असेल तर मी बंकर भरतच नाही. मग समोरचा कितीही आर्जवं करो.

पुढच्या हंगामात आप्पांकडंच पुन्हा काम निघालं. मला जायचं नव्हतं. पण गेलो. नवा बंकर वस्तीपासून लांब, माळाला. नदीकडच्या तुकड्यात निम्मा मका आणि निम्म्यात ज्वारीसाठी रान नांगरून ठेवलेलं. कुणी कुणाला काय सांगितलं आणि कोणत्या गायीमार्फत, ते मी विचारलं नाही. आप्पांनी माझ्या ट्रॅक्टरची चारही चाकं स्वतः बादलीनं धुतली, हळदकुंकू लावलं आणि म्हणाले, "आता चढीव." स्वतः मात्र तोंड फिरवून बसले.

संध्याकाळी चहाला बसलो. सुनंदा गव्हाणीपाशी तांबडीच्या वासराला पाजत होती. मला वर्षभर एक गोष्ट सांगायची होती, ती मी काढली. माझा स्वभाव तुम्हाला कळलाच आहे, डोळ्यांत पाणी आणून, आवाज जड करून म्हणालो, "आप्पा, सख्खा बापसुद्धा बसला नसता त्या बंपरवर. माझ्यासाठी तुम्ही मरणाच्या तोंडात जाऊन बसलात. सात जन्म फिटायचं न्हाई हे."

आप्पांनी बशीतला चहा संपवला, बशी पालथी घातली.

"तुझं काय न्हाई," ते म्हणाले. "खाली सून व्हती."